मालकही आपणच, कामगारही आपणच

घरी सुऱ्या बनवण्याचा छंद असलेल्या कुणालाही विचारा, की बाबा तुझ्या वर्कशॉपमधलं सगळ्यात डेंजर मशीन कुठलं? बहुतेक वेळा उत्तर येईल, बेल्ट ग्राइंडर. साहजिक आहे. ग्राइंडर ओरडतो, ठिणग्या उडवतो, जरा दुर्लक्ष झालं की बोटाचं सालटं काढतो. ड्रिल मशीन मात्र कोपऱ्यात गुमान उभं असतं. एक खांब, एक टेबल, वर मोटर आणि गोल फिरणारा एक दांडा. मुठीच्या पिनांसाठी दोन-तीन भोकं पाडायची, की संपलं त्याचं काम.

माझं मत असं, की भीतीची ही वाटणी चुकलेली आहे. का ते सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. (इतिहास म्हटल्यावर पळू नका मंडळी, सनावळी कमी आहे आणि लढाया वेगळ्या आहेत :-) )

ड्रिल मशीनच्या खोक्यात एक कागद येतो. हातमोजे घालू नका. सैल कपडे नकोत, केस बांधा. जॉब हाताने धरू नका. चकची चावी काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका. गॉगल लावा. हा कागद कुणीच वाचत नाही, जसं सॉफ्टवेअर टाकताना 'आय अॅग्री'च्या वरचं कुणी वाचत नाही. पण आपण कोडवाली माणसं. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र 'इफ' कंडिशन दिसली की आपल्याला कळतं, ही कुणी हौसेने लिहिलेली नाही. कधीतरी रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजलाय, म्हणून ही ओळ इथे आलीये. त्या कागदावरच्या ओळीही तशाच आहेत. फरक इतकाच, की तिथे फोन वाजला नव्हता, माणूस सापडला होता.

तर सुरुवात अगदी मुळापासून.

भोक पाडणं हा माणसाचा फार जुना उद्योग. बलुचिस्तानात मेहरगढ नावाचं नवाश्मयुगीन गाव होतं. तिथल्या दफनांमध्ये नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांना नीट गोल भोकं पाडलेली सापडली, त्याचा अहवाल २००६ साली 'नेचर'मध्ये आला. काळ सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडात, गारगोटीच्या टोकाने! संशोधकांनी तसंच टोक लावून कमानीवर चालणारं ड्रिल बनवून पाहिलं, तर दातात एका मिनिटाच्या आत भोक पडलं. पुढे सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी कार्नेलियनच्या लांबलचक मण्यांना आरपार भोकं पाडली. तासाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असा तो वेग. गुजरातेत खंभातला आजही अकीकाचे मणी कमानीच्या ड्रिलने भोकलले जातात, फक्त टोकाला आता हिरा असतो. आपल्याकडच्या सुतारांचा सामता हा याच घराण्यातला. दांड्याला दोरीचा वेढा, दोरी कमानीला बांधलेली, कमान मागेपुढे ओढायची.

या सगळ्या हत्यारांमध्ये एक गोष्ट समान होती, आणि ती आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. ताकद हाताची होती. टोक अडकलं की दोरी घसरायची, कमान थांबायची. हात थांबला की हत्यार थांबलं. सेफ्टीचा वेगळा कागद लागत नव्हता, कारण माणूस आणि मोटर एकच होते.

हे नातं तुटलं ते वाफेच्या इंजिनाने. आणि ते कसं तुटलं हे बघायला आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कापड गिरण्यांमध्ये जावं लागतं.

तिथे गिरणीत इंजिन एक, आणि यंत्रं शेकडो. इंजिनाची ताकद यंत्रांपर्यंत पोचवायची कशी? तर छताजवळून जाणाऱ्या लांबच लांब आडव्या लोखंडी दांड्यांनी आणि मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या दांड्यांनी. त्याला शाफ्ट म्हणायचे. दांड्यावरून पट्टा, पट्ट्यावरून यंत्र. हे दांडे दिवसभर फिरत. एखाद्या कामगाराला थांबावंसं वाटलं म्हणून इंजिन थांबत नसे.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) हा दांडा गुळगुळीत असतो. त्याला दात नाहीत, पातं नाही, धार नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा काय करणार? पण दांड्याला कपड्याचं टोक, पदर किंवा केसांची बट लागली आणि एक वेढा बसला की खेळ संपला. इंजिनीअरिंगला आपण कॅप्स्टनचं समीकरण शिकलो होतो, आठवतंय? गोल खांबाला दोरीचे वेढे घातले की घर्षणाने पकड वेढ्यागणिक गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला साधारण साडेसहा पट, दोन वेढ्यांना ४३ पट, तीन वेढ्यांना २८५ पट. म्हणजे कापडाच्या सुट्या टोकाला नुसता चिकटण्याइतका ताण असला तरी तीन वेढ्यांत तो माणसाला उचलून नेण्याइतका होतो. गुळगुळीतपणाने काही वाचत नाही. गोल आहे आणि फिरतंय, एवढं पुरे.

स्टॉकपोर्टच्या एका गिरणीत एलिझाबेथ कॉटरेल नावाच्या तरुण मुलीचे कपडे अशाच एका उघड्या, उभ्या दांड्यात अडकले आणि ती कायमची जायबंदी झाली. लॉर्ड अॅशली (पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी म्हणून ओळखले गेलेले) तिच्या मागे उभे राहिले आणि १८४० मध्ये गिरणीमालकावर खटला भरून तिला भरपाई मिळवून दिली. उभा दांडा, उघडा, गोल फिरणारा... आपल्या कोपऱ्यातल्या ड्रिल मशीनचं वर्णन याहून वेगळं काय करणार?

१८४४ च्या इंग्लंडच्या फॅक्टरी कायद्यात पहिल्यांदा ही कलमं आली, की गिरणीतली फिरती यंत्रसामग्री कुंपण घालून सुरक्षित करा आणि अपघात झाला तर कळवा. मालकांनी अर्थ असा लावला, की सात फुटांपेक्षा उंचावरच्या दांड्याला कुंपणाची गरज नाही, कारण तिथे हात पोचतो कुणाचा? पण पट्टा सरकवायला, तेल घालायला माणसं शिडीवर चढतच होती. सरकारने सगळेच दांडे झाका असं बजावल्यावर १८५५ मध्ये मालकांनी मँचेस्टरला चक्क एक संघटना काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात, यंत्रामुळे नाही. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाने या संघटनेवर इतकी जहरी टीका केली, की तिचं नावच बदलून कामगारांना चिरडणाऱ्यांचा संघ अशा अर्थाचं करून टाकलं. तरी १८५६ मध्ये मालकांनी कायदा सैल करून घेतलाच.

म्हणजे वादाचा मुद्दा तेव्हापासून एकच होता. माणूस निष्काळजी वागला, तर दोष कोणाचा? माणसाचा, की निष्काळजी माणसाला सामावून न घेणाऱ्या यंत्राचा? आपल्या भाषेत : युजरने चुकीचं इनपुट दिलं तर बग कोणाच्या नावावर टाकायचा?

हा प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण मधल्या काळात अमेरिकेत ड्रिलमध्येच दोन मोठे बदल झाले, आणि सुरी बनवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवेत.

पहिला बदल १८६३ चा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्स नावाच्या मेकॅनिकने पिळाच्या ड्रिल बिटचं पेटंट घेतलं. त्याआधी धातूत भोक पाडायला चपट्या टोकाचे बिट वापरत. त्यात कीस भोकातच साठायचा, बिट भरकटायचं. मोर्सच्या बिटला पीळ होता, त्या पिळातून कीस आपोआप वर चढायचा. आज आपण ज्याला नुसतं 'ड्रिल बिट' म्हणतो ते हेच. मशीनच्या स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता 'मोर्स टेपर'सुद्धा याच माणसाच्या नावाचा.

पण पीळ म्हणजे शेवटी स्क्रूच. कीस वर चढवणारा पीळ जॉबही वर चढवू शकतो. जाड ठोकळ्यात हे जाणवत नाही. पातळ पट्टीत, बिट खालून बाहेर पडण्याच्या क्षणी, खालचा पातळ पापुद्रा कापला जाण्याऐवजी पिळात अडकतो. बिट जॉबला स्क्रूसारखं वर ओढतं, आणि जॉब बिटबरोबर गोल फिरायला लागतो. पितळेत हे जास्तच होतं, कारण पितळेत बिट स्वतःहून घुसतं. म्हणून जुने फिटर पितळेसाठी बिटची कापणारी कड दगडावर किंचित बोथट करून ठेवतात. आधीच्या लहान भोकाला मोठं करतानाही तसंच होतं.

आता सुरीचा विचार करा. जॉब म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची लांब पोलादी पट्टी. भोकं पाडायची ती टँगमध्ये, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या भागात. उरलेला लांब भाग, म्हणजे पातं, बाहेर काढलेला. मुठीपुढे पितळेचं बोल्स्टर लावायचं असेल तर त्यालाही भोकं. पातळ, लांब, पितळ, आणि धार! मोर्सच्या पिळाला सगळ्यात जास्त आवडणाऱ्या गोष्टी एकाच जागी.

आकडेच मांडू. सहा मिलिमीटरचं बिट, ९०० आरपीएम. म्हणजे सेकंदाला १५ फेरे. बिटपासून पात्याचं टोक १५ सेंटिमीटरवर असेल तर ते सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरेल. डोळ्याने बघून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात तीन फेरे झालेले असतात. 'मी घट्ट धरीन की' या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पट्टा बदलून ५०० आरपीएमला लावली, तर बिटपासून दहा सेंटिमीटरवर सतत सात किलोच्या आसपास जोर लावू शकते. झटका त्याहून मोठा, कारण फिरत्या पुल्यांमध्ये साठलेली ऊर्जा एकदम बाहेर येते.

दुसरा बदल १९०२ चा. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या आर्थर जेकब्सने तीन जबड्यांच्या, चावीने आवळायच्या चकचं पेटंट घेतलं. गोष्ट अशी सांगतात, की जुन्या पान्याने आवळायच्या चकवर त्याची बोटं सोलवटली आणि तो वैतागला. सेफ्टीच्या इतिहासात असं नेहमी दिसतं. एक धोका काढला, की त्या जागी दुसरा छोटा धोका येऊन बसतो. जेकब्सच्या चकने बोटं वाचवली आणि चावी जन्माला घातली. चावी चकमध्ये विसरून स्विच दाबला, की ती गोळीसारखी सुटते. म्हणून पुढे स्प्रिंगवाल्या चाव्या आल्या. हात काढला की चावी आपोआप बाहेर पडते, विसरायची सोयच नाही.

याच हार्टफर्डमध्ये १९१० च्या सुमारास विल्यम अॅलन नावाच्या माणसाने डोकं नसलेला, षटकोनी खाच असलेला सेट स्क्रू बाजारात आणला. होय, तीच ती अॅलन की, जिच्याने आपण वीकेंडला कंप्युटर टेबल जोडतो. ती जन्माला आली ती सेफ्टीसाठी. फिरत्या दांड्यावर पुली पक्की करायला जे स्क्रू लावत, त्यांची चौकोनी डोकी बाहेर आलेली असत आणि कपडे ओढून घेत. अॅलनचा स्क्रू पूर्ण आत बुडायचा. पकडायला काही बाहेरच नाही.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. दोष कोणाचा?

इंग्लंडच्या कोर्टांनी हळूहळू, धडपडत, एक उत्तर तयार केलं. १८९७ मध्ये हिंडल विरुद्ध बर्टविसल या खटल्यात मागातून उडणाऱ्या धोट्याचा प्रश्न होता. न्यायाधीशांचा सूर असा, की यंत्र धोकादायक आहे की नाही हे ठरवताना कामगार कधीतरी बेसावध असणार हेही धरून चालायचं. १९३७ च्या आणखी एका खटल्यात तेच जास्त स्पष्ट झालं. माणसं जशी वागण्याची शक्यता असते तशी वागली, आणि त्यातून इजा होऊ शकत असेल, तर यंत्र धोकादायक. आदर्श माणूस नाही, खरा माणूस. १९५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ग्राइंडिंग व्हीलच्या खटल्यात तर असं ठरवलं, की कायद्याप्रमाणे पूर्ण कुंपण घातल्यावर चाक वापरताच येणार नसेल तरीही कुंपण घालणं मालकाला बंधनकारक आहे.

पण कायद्यालाही भोकं असतात. १९६१ मध्ये क्लोज विरुद्ध स्टील कंपनी ऑफ वेल्स हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. इलेक्ट्रिक ड्रिल वापरताना बिट फुटलं आणि तुकडा कामगाराच्या डोळ्यात गेला. कामगार हरला! कारण असं, की बिट नेहमी तुटत असली तरी तुकडे हलके असतात आणि मोठी इजा होण्याची शक्यता कमी मानली गेली. शिवाय कुंपण हे माणसाला यंत्रात जाण्यापासून रोखण्यासाठी आहे, यंत्राचे तुकडे बाहेर येण्यापासून रोखण्यासाठी नाही. कायद्याचा कीस काढायचा तर बरोबरही असेल. पण डोळा तर गेलाच. कागदावरच्या गॉगलच्या ओळीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

आपल्याकडे हा प्रवाह मुंबईच्या गिरण्यांमधून आला. पहिला भारतीय फॅक्टरी कायदा १८८१ चा. शंभर किंवा जास्त माणसं आणि यांत्रिक शक्ती असेल अशाच कारखान्यांना तो लागू होता. लहान मुलांच्या कामाचे तास आणि यंत्रांना कुंपण हे त्यातले मुख्य विषय. पण जखमी झालेल्या कामगाराचं पुढे काय, हा प्रश्न मोठ्याने विचारला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली हे आपण ऐकलेलं असतं. त्याच मागण्यांमध्ये हेही होतं, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याची सोय व्हावी. म्हणजे रविवारी सुट्टी आहे म्हणून जो छंद आपण करतो, त्या रविवारची आणि यंत्रात सापडलेल्या हाताची मागणी एकाच अर्जात होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरीज अॅक्ट आला आणि त्याने अनेक दशकं कारखान्यांचा कारभार चालवला. त्याची कलमं वाचली तर ड्रिल मशीनचा तो कागदच वाचतोय असं वाटतं. कलम २१, यंत्रांना कुंपण. कलम २२, चालू यंत्राजवळ तपासणीचं किंवा तेलपाण्याचं काम करायचंच असेल तर ते शिकवून तयार केलेल्या माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचं, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. कलम २६, फिरत्या दांड्यावरचा प्रत्येक सेट स्क्रू बुडवलेला किंवा झाकलेला हवा. कलम ३५, उडणाऱ्या तुकड्यांपासून डोळ्यांचं रक्षण. इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये खाकी अॅप्रन आणि बूट नसले की इन्स्ट्रक्टर दारातूनच परत पाठवायचे, आणि आपण त्यांना शिव्या घालायचो. त्या खाकी अॅप्रनच्या मागे हा सगळा वंशवृक्ष आहे.

आता खरा मुद्दा. हे सगळं कारखान्याच्या दारापर्यंत. कारखाना म्हणजे काय याची व्याख्या माणसं मोजून होते. १८८१ मध्ये शंभर, १९४८ मध्ये विजेवर चालत असेल तर दहा. घराच्या गच्चीवर किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकटा माणूस सुरी बनवतोय, त्याला यातलं काहीच लागू नाही. व्हायला हवं असंही मी म्हणत नाही. सरकारी इन्स्पेक्टर आपल्या बाल्कनीत आलेला कुणाला आवडेल? पण लागू नाही हे आपल्या लक्षात तरी असावं.

यंत्र घरी आलं त्यालाही शंभरेक वर्षं झाली. इंग्लंडमध्ये घरी छोटी इंजिनं बनवणाऱ्यांसाठी 'मॉडेल इंजिनीअर' मासिक १८९८ मध्ये निघालं. अमेरिकेत १९३० च्या दशकात हौशी लोकांसाठी टेबलावर मावतील अशी ड्रिल मशीनं विकली जाऊ लागली. सुऱ्यांच्या बाबतीत बॉब लव्हलेस हे नाव मोठं. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या दुकानात त्याला हव्या त्या सुरीसाठी नऊ महिने थांबा म्हणून सांगितलं, तेव्हा या खलाशाने स्वतःच सुरी बनवली. पुढे पोलादाची पट्टी घ्यायची, कापायची, घासायची, भोकं पाडायची, ही लोहाराच्या ऐरणीशिवाय चालणारी पद्धत लोकप्रिय करण्यात त्याचा मोठा वाटा होता. आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना सुरी बनवता येते ती याच पद्धतीमुळे. फक्त ऐरण गेली आणि तिच्या जागी ड्रिल मशीन आलं.

घरचं मशीन कारखान्यातल्यापेक्षा काही बाबतीत वाईटच असतं. ते टेबलाला बोल्टने पक्कं केलेलं नसतं. स्वस्त मशीनवर चकपुढे पारदर्शक झडप नसते. बऱ्याच मशीनवर 'नो व्होल्ट रिलीज' स्विच नसतो. म्हणजे लाइट गेली आणि परत आली, तर मशीन आपोआप चालू होतं. २००५ नंतरचं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लाइट गेली म्हणून तुम्ही चकमध्ये बोटं घालून बिट बदलताय, आणि...

कारखान्याबाहेरच्या यंत्राचा विचार आपल्या देशाने एकदा केला होता. शेतातल्या मळणी यंत्रांमध्ये हात जाण्याचे प्रकार इतके वाढले, की १९८३ मध्ये डेंजरस मशीन्स (रेग्युलेशन) अॅक्ट आला. शेत म्हणजे कारखाना नव्हे, तिथे इन्स्पेक्टर पोचणार नाही. म्हणून कायद्याने यंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरलं, की हात आत जाणारच नाही असं यंत्र बनवा. मला हा विचार फार पटतो. चुकीचं इनपुट नंतर पकडण्यापेक्षा फॉर्ममध्ये ते टाईपच होऊ देऊ नका! पण छंदाच्या ड्रिल मशीनसाठी असा खास कायदा कुणी केलेला नाही.

मग उरतं कोण? आपण. दीडशे वर्षं मालक आणि कामगार भांडले, की काळजी कोणी घ्यायची. घरच्या वर्कशॉपमध्ये दोघं एकाच टी-शर्टात असतात. आणि माझं निरीक्षण असं, की तिथे आपण १८५५ च्या मँचेस्टरवाल्या मालकासारखं बोलतो. 'नीट लक्ष दिलं की काही होत नाही.' दीडशे वर्षांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. लक्ष जाणारच, असं धरून मांडणी करायची.

ती मांडणी फार महाग नाही. मशीन टेबलाला बोल्टने पक्कं करा. भोकं पाडायची ती पट्टी कापून आकार दिल्यावर, पण धार काढायच्या आधी आणि कडक करायच्या आधी. कडक केलेल्या पोलादात साधं बिट चालत नाही, आणि कार्बाइडचं बिट फुटतं (क्लोजसाहेबांचा डोळा आठवा). टँगखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे बिट बाहेर पडताना पापुद्र्याला आधार मिळतो. पट्टी वाईसमध्ये किंवा क्लॅम्पने टेबलाला आवळा. शिवाय लांब भाग आपल्या डाव्या बाजूला येईल आणि खांबाच्या डाव्या अंगाला टेकेल असा ठेवा. बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं, त्यामुळे पट्टी सुटलीच तर खांबावर अडेल, तुमच्या पोटावर नाही. आणि तरीही जॉब फिरायला लागला तर धरायला जाऊ नका. मागे सरका, स्विच बंद करा. वाया गेलेल्या पट्टीची किंमत बोटापेक्षा कमी असते.

हातमोजे नकोत, ग्राइंडरवर घातले असतील तर काढून ठेवा. बाह्या कोपरापर्यंत, ओढणी, हूडची दोरी, गळ्यातला इअरफोन, सगळं बाहेर. कीस हाताने नव्हे, ब्रशने, तोही मशीन थांबल्यावर. कारण लांब पिळाचा कीस बोटाला गुंडाळला की तोही एक वेढाच. चकची चावी चकमध्ये क्षणभरही सोडू नका. मशीनला नो व्होल्ट स्विच नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आणि बिट बदलताना प्लग काढा.

यातलं नवीन काहीच नाही, सगळं त्या कागदावर होतंच. फक्त आता त्या ओळींमागची माणसं थोडी ओळखीची झाली असतील. स्टॉकपोर्टची कॉटरेल, बोटं सोलवटलेला जेकब्स, लोखंड्यांच्या अर्जामागचे गिरणी कामगार.

आपल्याला आवडो न आवडो, रविवारी रात्री साडेअकराला, सोमवारच्या स्टेटस मीटिंगचा विचार डोक्यात असताना, 'एवढं एकच भोक राहिलंय' म्हणणारा कामगार आपल्याच वर्कशॉपमध्ये असतो. कायदा मालकाला विचारायचा, दमलेला माणूस इथे काय करील याचा तू विचार केला होतास का? आपल्याला विचारणारं कुणी नाही. म्हणून मशीन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी, दिवसाउजेडी आणि डोकं शांत असताना, मालकाने तो विचार करून ठेवावा. आणि साडेअकराला कामगाराला घरी पाठवावं. तो घरीच असतो म्हणा, झोपायला पाठवावं :-)

भोक उद्या सकाळी पण पडेल.